फुकटच्या मनुका

माझं माहेर बदनापूरचं. तिथं रविवारी उपासना सुटली की आमच्याकडं मटण शिजायचं, सगळी गल्ली वासानं हैराण. सासर मिळालं घनसावंगीकडच्या एका खेड्यातलं, आणि तिथं रविवारी गॅसच पेटायचा न्हाई! लग्न ठरवताना आमच्या लोकांनी सगळं विचारलं होतं, मुलगा काय करतो, मोसंबीची बाग केवढी, विहिरीला पाणी उन्हाळ्यात राहतं का. हे मात्र कुणी विचारलं न्हाई. सुचणार तरी कसं?

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, पंच. त्यांचा शब्बाथ म्हणजे शब्बाथ. देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, खरेदी न्हाई, विक्री न्हाई, शेतात पाऊल न्हाई, घरात विस्तव न्हाई. शनिवारी संध्याकाळीच दशम्या भाजायच्या, चटणी कुटायची आणि मामंजींचा गुळाचा कोरा चहा करून तांब्यात झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो थंडगार चहा ते औषध प्यावं तसे प्यायचे. मला बघवायचं न्हाई. मी म्हणायचे, "मामंजी, तारण कृपेनं मिळतं, आपल्या करणीनं न्हाई, हे तुम्हीच प्रार्थनासभेत तासभर सांगता. मंग गरम चहानं ते जाणार हाये का?"

ते चिडायचे न्हाईत. मिशीतल्या मिशीत हसायचे. "अगं, लेकरू बापाचं ऐकतं ते घरातून हाकलतील म्हणून का? बाप आपला हाये म्हणून ऐकतं." याच्यावर मी नुसती भांडी आपटायची. पण खरं सांगते, माणूस वाईट बिलकुल न्हाई. उभ्या जन्मात खोटं बोलले न्हाईत, कुणाच्या बांधावर बोटभर सरकले न्हाईत. देवाची आज्ञा म्हणली की ते मनापासून पाळायचे. फक्त त्याच आज्ञेपायी पोटच्या पोराला दूर करून बसले होते.

तो पोरगा म्हणजे माझे मोठे दीर. गावात त्यांचं किराणा दुकान, मागंच घर. आणि गावचा बाजार नेमका रविवारचा. "बाजाराच्या दिवशी शटर ओढून आठवडाभर माशा मारू का?" असं भाऊजी म्हणाले आणि दुकान उघडं ठेवलं. मामंजींनी पंचांच्या बैठकीत स्वतः उठून सांगितलं की शब्बाथ मोडणाऱ्याला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली ती भाकर आणि प्याला, मिळणार न्हाई, मंग तो माझा लेक का असेना. झालं, तेव्हापासून बोलणं बंद. पण भाऊजीही चिवट. महिन्याच्या पहिल्या रविवारी जालन्याहून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रभुभोजन द्यायला यायचे. त्या दिवशी भाऊजी तासाभरासाठी दुकान बंद करून यायचे आणि चपलांजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. मामंजी भाकरीचं ताट घेऊन बाकाबाकानं फिरायचे, आणि त्या बाकाच्या अलीकडून मागं वळायचे.

सासूबाईंचं देवाकडं एकच मागणं होतं. डोळे मिटायच्या आधी थोरल्याच्या हातात ती भाकर दिसावी. रोज मागायच्या, आणि मामंजींना शेजारच्या खोलीत बराबर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मागायच्या.

प्रभुभोजनाच्या प्याल्यातला रस आमच्या घरून जायचा. शनिवारीच मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या आणि रस तांब्यात झाकून ठेवायचा. मनुका मामंजी जालन्याला मस्तगडातून आणायचे. एवढ्या लांबून का? तर गावात मनुका ठेवणारं दुकान एकच, आणि ते भाऊजींचं.

गेल्या थंडीतल्या एका पहिल्या रविवारची गोष्ट. मामंजींना सर्दी झालती, नाक गच्च. सकाळी मी उठून बाहेर आले तर ते ओसरीवर एकदम खुशीत.

"सूनबाई, आज चहा लई झ्याक झाल्ता. सगळा पिलो."

माझ्या त्या थंड चहाला आजवर कुणी चांगलं म्हणलं न्हवतं. मी फुलून आत गेले. पाहते तर चहाचा तांब्या काठोकाठ भरलेला, आणि शेजारचा रसाचा तांब्या रिकामा, तळाला नुसता गाळ!

"अगं बाई गं!" मी तिथंच खाली बसले. सासूबाई धावत आल्या, दोन्ही तांब्यांत वाकून पाह्यलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, तर हसून हसून हलायला लागलेल्या. "आख्ख्या मंडळीचा प्याला! सकाळच्या पारी, एकट्यानं!"

मामंजींचा चेहरा पांढरा पडला. पाळकसाहेबांना आणायला माझे मालक मोटरसायकल घेऊन गेल्ते, दहाला उपासना. मी म्हणलं, मोसंबीचा रस काढू का, घरचीच हायेत. मामंजींनी माझ्याकडं असं पाह्यलं की मोसंबी टोपलीतच राह्यली. घरात मनुका एक न्हाई. कुठं मिळतील हे तिघांनाही माहीत, पण नाव कोण घेणार?

शेवटी मामंजींनीच टोपी घातली. "चूक माझी हाये. मीच जातो."

"मी पण येते," मी म्हणलं. हे बघायचं सोडून घरी बसायला मी काय वेडी हाये?

बाजार भरून राह्यला होता. दुकानापुढं गर्दी. भाऊजी गूळ तोलत होते, बापाला पाहून हात तसाच राह्यला.

"मनुका पाह्यजेत. पावशेर," मामंजी छताकडं पाहून म्हणाले.

भाऊजींनी बरणी काढली आणि न तोलताच मोठी पुडी बांधली. मी पैसे द्यायला मोबाइल पुढं केला, तर त्यांनी स्कॅन करायच्या त्या पाटीवर पंजाच ठेवला. "राहू द्या. बाबा रविवारी खरेदी करत न्हाईत. त्यांचा नियम माझ्या दुकानात मोडायचा न्हाई. तशाच न्या."

"मी पावशेर म्हणलो होतो," मामंजी पुटपुटले.

"फुकट देऊन राह्यलोय, तर मोजू कशाला?"

"फुकट मी कुणाचं घेत न्हाई."

"मंग पैसे देऊन घ्या. पण मंग रविवारी खरेदी झाली बरं का."

झाली ना पंचाईत! विकत घ्याव्या तर शब्बाथ मोडतो. फुकट घ्याव्या तर ज्याला प्रभूच्या मेजावरून उठवलं त्याचेच उपकार. पुडी काउंटरवर मधोमध पडलेली, आणि बाप-लेक तिच्याकडं बघत उभे. मागून एक शेतकरी वैतागून म्हणाला, "काका, पोरगा देऊन राह्यला तर घ्या की! आमाला जल्दी हाये, म्हसरं उपाशी हायेत घरी."

माझा पारा चढला. "मामंजी, लेकरू बापाचं ऐकतं ते बाप आपला म्हणून, असं तुम्हीच म्हणता ना? मंग लेकानं न्हाई ऐकलं की बाप परका होतो का? आणि फुकट घ्यायची एवढी लाज वाटते, तर दर महिन्याला मेजाजवळ उभं राहून लोकांना काय देता? तेही फुकटच हाये की!"

भर बाजारात सून सासऱ्याला बोलली. गूळ घ्यायला आलेली बाई तर तोंडाला हात लावून उभी.

मामंजींनी नाक पुसलं. मंग दोन्ही हात पुढं केले आणि पुडी उचलली.

आतून जाऊबाईंचा आवाज आला, "आत या, माझ्या गॅसवर जल्दी होईल." मामंजी पहिल्यांदा त्या घरात गेले, तांदळाच्या पोत्यावर बसले. रविवारी सकाळी, पेटलेल्या गॅससमोर! मनुका उकळेपर्यंत जाऊबाईंनी आल्याचा चहा पुढं केला. ते त्या वाफेकडं पाहत राह्यले, आणि पिले. मी तिकडं पाठ करून रस गाळत राह्यले, उगीच त्यांना संकोच नको.

चर्चच्या दारात त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. "सलाम पाळकसाहेब. आज ताट दुसऱ्या कुणाला द्या. मी शब्बाथ मोडून आलो. लायक न्हाई."

पाळकसाहेबांच्या कानावर बाजारातूनच सगळं आलेलं असावं, त्यांच्या ओठांवर हसू दबत न्हवतं. "लायकी बघून ताट द्यायचं ठरवलं तर ते मलाही उचलता येणार नाही. चला, उशीर झालाय."

मी एरवी पुढं गाणाऱ्या बायांत बसते. त्या दिवशी उशीर झालता म्हणून मागं सासूबाईंजवळ बसले. मामंजी ताट घेऊन आले, सासूबाईंनी भाकरीचा तुकडा घेतला आणि मूठ मिटली. मी कोपरानं ढोसलं, "खा की."

"थांब," त्या म्हणाल्या. डोळे मामंजींच्या पाठीवर.

मामंजी शेवटच्या बाकाशी गेले. वळले न्हाईत. भाऊजी सवयीनं मान खाली घालून बसलेले. गाण्याची सगळी कडवी संपली, पेटी थांबली, आणि हे ताट धरून तसेच उभे.

"घे."

भाऊजींनी वर पाह्यलं. "बाबा, इथून गेलो की मी शटर उघडणार हाये. आज बाजार हाये."

"माहीत हाये मला," मामंजी म्हणाले. आवाज सर्दीनं बसलेला होता, का कशानं, देव जाणे. "तरी घे."

भाऊजींनी तुकडा घेतला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम. शेजारी पाह्यलं तर सासूबाईंनी मूठ उघडली होती. घामानं ओला झालेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, तेव्हा का न्हाई खाल्ला?"

"कंदीच न्हाई खाल्ला मी, त्यो मागं बसायला लागला तवापासनं," त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या. "गुपचूप घरी आणून चिमण्यांना टाकायची. पोरगं उपाशी बसलंय आन् आईनं जेवायचं व्हय?"