कोपऱ्यातलं श्री

माझे वडील वाण्याची यादीसुद्धा वर श्री लिहिल्याशिवाय सुरू करत नसत. तूरडाळ, गूळ, साबण आणि सगळ्यांच्या वर मधोमध श्री. मी इंजिनियर झाले, देव-देव मला कधी फारसं जमलं नाही, पण हाताला लागलेलं वळण काही गेलं नाही. इथे शिकागोजवळ नोकरीला लागले तेव्हा ऑफिसच्या वहीच्या पहिल्या पानावरही मी श्री लिहीत असे. कुणी विचारलं तर ठोकून द्यायची, माझी सही आहे म्हणून.

माझं काम चिपचे नकाशे काढण्याचं. नखाएवढ्या काळ्या तुकड्याच्या पोटात सिलिकॉनचा एक चौकोन असतो, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. सगळं काम त्याच्यावर. नकाशा कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी एखाद्या कोपऱ्यात जागा उरली, तर आमच्यातले लोक तिथे गुपचूप काहीतरी चित्र काढून ठेवत. कुणी मासा, कुणी आपला कुत्रा. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तरच दिसणार, म्हणजे कुणाला कधीच दिसणार नाही. माझी एकच चिप खरी नावाजली. विजेचा दाब स्थिर ठेवणारी, साधी, स्वस्त, वर्षानुवर्षं तक्रार न करणारी. तिच्या कोपऱ्यात मी श्री काढलं. तेही काम संपल्यावर, शेवटी. वडील असते तर चिडले असते, श्री आधी लिहायचं असतं म्हणून.

ती चिप वॉशिंग मशीनमध्ये गेली, बाळांच्या खोलीतल्या दिव्यांत गेली. दुकानात मशीनच्या रांगेपुढे उभी राहून मी नवऱ्याला सांगायची, "ह्यात मी आहे." तो म्हणायचा, "हो का? मग घरातले कपडे धुवायला मलाच का लावतेस?" अशी आमची मजा चालायची. आता ते आठवलं तरी लाज वाटते.

आमची शेजारीण युक्रेनची, खारकीव शहरातली. नेपरव्हिलच्या आमच्या गल्लीत ती आमच्यानंतर आली. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करते. नवऱ्याची पाठ धरल्यापासून आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तीच काढते, न विचारता, आपला काढून झाला की लगेच. मी तिला लसणाची चटणी देते. ती पावावर लोण्यासारखी जाड थापून खाते आणि नाक पुसत हसते. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे मी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं. तेव्हापासून चटणीची बरणी कधी वाळवलेली सफरचंदं घेऊन येते, कधी अक्रोड. एकदा घरात काहीच नव्हतं तर चार साखरेचे खडे टाकून आणली होती.

युद्ध सुरू झालं तेव्हा तिची आई तिकडेच होती. ऐंशी उलटलेली बाई, पाचव्या मजल्यावर एकटी, घर सोडायला तयार नाही. आईची सख्खी बहीण सीमेपलीकडे रशियात. पहिल्याच महिन्यात त्या मावशीने फोनवर ऐकवलं, "तुमच्यावर आमचं कुणी बॉम्ब टाकत नाहीये. तुमचेच लोक टाकतायत." हे मला सांगताना शेजारीण रडली नाही. म्हणाली, "तिला खरंच तसं वाटतं, की कुणी फोन ऐकेल म्हणून बोलते, तेही मला कळत नाही. बहीण बहिणीशी खरं बोलू शकत नाही. हे कसलं राज्य?" मला त्या मावशीचा इतका राग आला की मी तिला मराठीतून शिव्या घातल्या. शेजारणीला शब्द कळले नाहीत, पण बरं वाटलं असावं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ड्रोन त्या इमारतीवर येऊन आदळलं. आई स्वयंपाकघरात होती. पुढचं मी लिहीत नाही.

महिन्याभराने शेजारीण आमच्याकडे आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत त्या ड्रोनमधल्या हिरव्या सर्किट बोर्डाचा तुकडा, काडेपेटीएवढा, एका बाजूने जळलेला. भावाने आईचं स्वयंपाकघर झाडताना तो सापडला आणि कुणाच्या तरी हाती त्याने तो हिच्याकडे पाठवला. पिशवीच्या तळाशी भिंतीचा पांढरा चुरा होता.

"तू इंजिनियर आहेस," ती म्हणाली. "मला ह्यातलं काही कळत नाही. हे कुणी बनवलं, एवढं मला सांग. मला दुसरं काही नको."

मी चष्मा लावला. बोर्डावर सात-आठ चिप होत्या. मधल्या चिपवरचा नंबर मी आंधळी झाले तरी बोटांनी वाचीन.

"साध्याच वस्तू आहेत," मी म्हणाले. "कुठेही मिळतात. कुणी बनवल्या ते असं सांगता येत नाही."

इतक्या सहज बोलले मी. त्या मावशीला शिव्या घालणारी मीच.

"चार दिवस ठेवून घेऊ?" मी विचारलं. ती हो म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

ती गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. नोकरीच्या शेवटच्या वर्षीची एक मीटिंग आठवत होती. युद्ध तेव्हा सुरू झालेलं होतं. आमच्यातली एक तरुण मुलगी म्हणाली होती की, ज्या देशात वॉशिंग मशीनचा एकही कारखाना नाही, तिथला एक दलाल आपल्या ह्या चिप पोत्याने मागवतोय, पुढे कुठे जातात हे कुणी विचारायला नको का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण चिप माझी. मी म्हणाले, "ते सेल्सवाल्यांचं काम. आपण डिझाइन करतो." आणि हसले. त्या दिवशी माझ्या निरोपाचा केक कापायचा होता, उशीर होत होता.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, नंबरचं काय घेऊन बसलीस? हल्ली डुप्लिकेट किती येतात! तुझाच नंबर छापून कुणीतरी भलतंच विकलं असेल." हे मला आधी का सुचलं नाही? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी मी ते धरून बसले. नक्कल करणारा वरचा नंबर छापेल. आतलं श्री त्याला कुठून ठाऊक असणार? चिप उघडली आणि कोपरा मोकळा निघाला, की मी सुटले. जर्सी सिटीला मुलीला फोन केला. ती वकील आहे. म्हणाली, "आई, डोन्ट ओपन इट. यू डिडन्ट फायर इट, ओके? जस्ट गिव्ह इट बॅक." शहाणी आहे पोर. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमध्ये गेले. बोर्ड तापवून चिप सोडवली, वांगी भाजायच्या चिमट्यात धरली आणि नवऱ्याच्या गॅसच्या टॉर्चची ज्योत तिच्यावर सोडली. काळं आवरण करपून राख होतं आणि आतला चौकोन तेवढा उरतो. फार घाण वास सुटला. राख धुतली, चौकोन पुसला, आणि रिटायर होताना ऑफिसने भेट दिलेल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. नवरा दारात उभा होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, नसू दे. आयुष्यात कधी देवाला काही मागितलं नव्हतं, ते त्या दिवशी मागितलं.

खालच्या उजव्या कोपऱ्यात श्री होतं. माझंच, वेलांटी जरा तिरकी. इतक्या आगीतून जाऊनही स्वच्छ वाचता येत होतं.

नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू कुणाला मारलं नाहीस," तो म्हणाला. खरं आहे ते. मी मारलं नाही. खुर्ची न सोडणाऱ्या एका माणसाने मारलं, त्याच्या हुकमाला मान डोलावणाऱ्यांनी मारलं, बटण दाबणाऱ्याने मारलं. पण तिने मला कुणी मारलं असं विचारलंच नव्हतं. कुणी बनवलं, एवढंच विचारलं होतं. ते मला माहीत होतं, आणि नाही म्हणून सांगून झालं होतं. शिवाय आता बोर्डाच्या मध्ये चिपची जागा रिकामी पडली होती. तिच्या आईच्या घरातून आलेली एकुलती एक वस्तू मी तिला न विचारता जाळली होती.

चौथ्या दिवशी तिला घरी बोलावलं. चहा केला, तो कुणी प्यायलं नाही. मी सगळं सांगितलं. नंबर, माझं खोटं, ती मीटिंग, केकसुद्धा. केक का सांगितला कोण जाणे. मग तिला मायक्रोस्कोपपाशी नेलं. ती वाकून खूप वेळ पाहत राहिली.

"हे काय लिहिलंय?"

"आमच्यात कुठलंही काम हाती घेतलं की लिहितात," मी म्हणाले. "काम नीट पार पडावं म्हणून."

तिने डोळा काढला नाही. "मग पार पडलं," ती म्हणाली.

त्या आवाजात राग असता तर मला सोसला असता. ती सरळ उभी राहिली, बोर्डाचा तुकडा पिशवीत घातला, तो चौकोन मात्र तिथेच ठेवला. दारात थांबून कोट घातला, बटणं लावली. मी माफी मागितली, तीन-चार वेळा मागितली. ती म्हणाली, "मला माहीत आहे," आणि गेली.

त्यानंतर दोनदा बर्फ पडला. आमचा ड्राइव्हवे दोन्ही वेळा साफ झालेला होता, आम्ही उठायच्या आत. आता ती पूर्वीसारखी आमच्या खिडकीत दिवा लागायची वाट बघत नाही, हात करत नाही. मी चटणी केली, नेहमीपेक्षा तिखट, तिला आवडते तशी, आणि बरणी तिच्या पायरीवर ठेवून आले. बेल वाजवायचा धीर झाला नाही.

आठ-दहा दिवसांनी बरणी आमच्या पायरीवर होती. स्वच्छ धुतलेली, पुसलेली, झाकण घट्ट लावलेलं. थंडीने माझी बोटं चालत नव्हती तरी मी तिथेच उभी राहून ते उघडलं, आत हात घालून तळ चाचपून पाहिला. रिकामी होती.