कडूला हाक

संध्याकाळी मेथी निवडता निवडता सुरेखा मोबाइलवर नाव टाकायची: कडूबाई. गूगल लगेच कडुलिंबाचे फायदे दाखवायचं. फार झालं तर कारल्याची भाजी.

"आई, मैत्रीण शोधताय का शुगरचं औषध?" सून अंबिका हसायची.

कडूबाई विद्यापीठाच्या वसतिगृहात सुरेखाच्याच खोलीत राहायची. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून नाव कडू ठेवलेलं. शेंद्र्याच्या मेंढपाळाची ही पोर, मेंढरांना हाकायच्या बोलीवर प्रबंध लिहून डॉक्टर झाली. मेसची घंटा वाजली की जिन्यातून सुरेखालाही तीच हाक मारायची, "हुर्रर्र ह्यो!" मग कडूचं लग्न झालं, घाईत, परमुलखात. 'कडू' अशुभ म्हणून सासरच्यांनी मांडवातच नाव बदललं. काय ठेवलं, ते सुरेखाला कळलंच नाही. ती तेव्हा बाळंतीण, लग्नाला जाता आलं नव्हतं. पुढं शेंद्र्यात कारखाने आले, कडूची माणसं पांगली. आता शोधायचं तरी कुठल्या नावानं?

जुनं नाव एकाच ठिकाणी उरलं होतं, प्रबंधावर. आणि प्रबंध सुरेखा नोकरीला होती त्याच ग्रंथालयात, विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात. कडू कधीतरी स्वतःचं नाव शोधेलच की! पण तिलाही कडुलिंबच दिसणार.

"सर, प्रबंध चढवलाय, मग सापडत का नाही?"

ग्रंथपाल राजेंद्र सरांनी फाइल उघडली. "अहो बाई, चांगलं ढळढळीत मराठी दिसतंय."

सुरेखानं पानावरचं नाव कॉपी करून गूगलमध्ये टाकलं. तिथं इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. टायपिंग जुन्या फॉन्टमधलं. माणसाला मराठी, यंत्राला नुसती बडबड. नोंदीत तर शीर्षकाच्या जागी फाइलचा नंबर.

"असे लई प्रबंध पडलेत, बाई."

"एकापासून सुरू करते."

तिनं यंत्राला वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाव टाइप केलं, शीर्षक, सारांश. विषयशब्दांत मेंढपाळ, बोली, शेंद्रा. शेवटी 'हुर्रर्र ह्यो'.

"हे कोण शोधणार?" सर हसले.

"जिला ठाऊक आहे ती." संपर्काच्या ओळीत तिनं स्वतःचा मोबाइल नंबर आणि नाव घातलं, माहेरचं.

नंतर कितीतरी संध्याकाळी कडुलिंबच येत राहिला. मग एकदा, सगळ्यात वर तो प्रबंध: कडूबाई सोनाजी.

अंबिका वाकून बघू लागली. "सापडल्या का हो, आई?"

"नाय गं. नाव सापडलं."

सुरेखानं निवडून झालेली मेथी पुन्हा निवडायला घेतली. फोन तेवढा उताणा ठेवला, आवाज मोठा करून.