सील तोडल्याची वेळ

मध्यभारत नव्या मध्य प्रदेशात मिसळून गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लष्कर शहरातल्या एका हिंदी दैनिकात प्रुफं तपासत होतो. राजधानी भोपाळला गेली होती. तिच्यामागे फायली गेल्या, कारकून गेले, आणि आमच्याकडे रोज बदल्यांच्या याद्या येऊ लागल्या. त्यातल्या एका यादीत मामांचं नाव होतं. अठरा वर्षं ते एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. आता त्यांची बदली लष्करला झाली होती.

मामी लष्करमध्येच, गोरखी वाड्याजवळ एकटीच राहायची. ती म्हणाली, "तूच जाऊन सांग. चिट्ठी पोहोचेपर्यंत हे लोक यादी बदलून टाकतील."

छोट्या लाइनीच्या आगगाडीने तीन तास, पुढे बैलगाडी. तेव्हा फ्लूची साथ होती. दवाखान्याच्या ओसरीवर घरून आणलेल्या खाटा लागल्या होत्या. वीज नव्हती, गाडी नव्हती, डॉक्टरही नव्हते. त्यांची बदली तीन आठवड्यांपूर्वी झाली होती. जाताना त्यांनी नियमाप्रमाणे औषधांच्या कपाटाला लाखेची तीन सीलं लावली होती. नवे डॉक्टर येऊन ती तोडतील, चार्ज घेतील, आणि मगच मामा मोकळे होतील. सीलं शाबूत हवीत. नवे डॉक्टर आले नव्हते. बाहेर उरलं होतं ते तापाचं मिक्श्चर आणि टिंक्चर. पेनिसिलीन आत होतं.

मामांनी मी आणलेली बदलीच्या हुकुमाची नक्कल दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"चाय घेतलीस?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "चला, आता घरचं जेवण."

चहा येण्याआधी एक बैलगाडी आली. गाडीत एक तरुण बाई होती, नवरा तिला पाठीमागून धरून बसला होता. ताप सहाव्या दिवशी छातीत उतरला होता. ओठ निळे पडले होते. मामांनी छातीला नळी लावली, मग बराच वेळ कपाटाकडे पाहिलं. स्पिरिटचा दिवा पेटवून सिरिंज उकळत ठेवली आणि मला म्हणाले, "कागद घे. पंचनामा लिही."

पंचनाम्याशिवाय सरकारी सील तोडता येत नाही. दोन पंच हवेत. शाळामास्तर आले. पिठाच्या गिरणीचा मालक हात झटकत आला. मामा हिंदीत सांगत होते, मी लिहीत होतो: कपाट लाकडी, दारं दोन, सीलं तीन, तिन्ही अखंड. मामा दारापर्यंत जात, परत येत, पुढचं वाक्य सांगत. बाईचा श्वास आतपर्यंत ऐकू येत होता.

गिरणीवाला म्हणाला, "कंपाउंडर साब, तुम्हारा ये लिखवाना पूरा होते-होते ये तो निकल लेगी."

"नियम आहे, भैया," मामा म्हणाले. आणखी एक वाक्य सांगितलं. ते अर्ध्यावर सोडलं, खलातला बत्ता उचलला आणि तिन्ही सीलं फोडली.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजेक्शन अकरा वीसला दिलं. पंचनामा पुरा होऊन पंचांसमोर ठेवला तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती.

"वेळ टाक," मामा म्हणाले.

मी तिन्ही वेळा लिहिल्या. वेळ चुकली की बातमी चुकली, हा माझा पहिल्या आठवड्यातला धडा होता.

मास्तरांनी कागद वाचला. "भैया, सील का वक्त नीचे ले जाओ ना. पहले दस्तखत, फिर सील. किसका क्या बिगड़ता है?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशावर होता.

"अकरा दहालाच तोडलं ना मी?"

"हो."

त्यांनी सही केली. वेळेची जागा मी रिकामी सोडली असती तरी चाललं असतं. पुढे कुणी विचारलं असतं तर मामांनी ती स्वतः भरली असती. हे मला परतीच्या गाडीत सुचलं, आणि लष्कर येईपर्यंत मी बसू शकलो नाही. डब्याच्या दारात उभा होतो.

मी निघालो त्या चौथ्या दिवशी बाई ओसरीवर उठून बसली होती, नवऱ्याशी पाण्याच्या लोट्यावरून भांडत होती.

महिन्याभरात मामांकडून खुलासा मागवला गेला: पंचनाम्यापूर्वी सील का तोडलं? त्यांनी खुलासा एका ओळीत पाठवला, असं मला कळलं: रोगी वाट पाहू शकत नव्हता. त्यानंतर सुधारित यादी आमच्या छापखान्यात आली. लष्करच्या जागेसमोर दुसरंच नाव होतं. मामांचं नाव जुन्याच गावासमोर होतं, "पुढील आदेशापर्यंत".

मी प्रूफ मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. दोनदा. एकही चूक नव्हती. सही करून पान पुढे पाठवलं.

सकाळी अंक निघायच्या आत मामीला सांगायला हवं होतं. मी फूलबागेला दोन फेऱ्या मारल्या, तिसरी अर्ध्यावर सोडली आणि गोरखीकडे वळलो.