पहिला घास मामाचा

लेकीच्या उष्टावणाला मी तिला एकटीच घेऊन गेले. उष्टावण म्हणजे बाळाचा अन्नाचा पहिला घास, आणि आमच्याकडे तो मामानेच भरवायचा. माझा धाकटा भाऊ त्यासाठी हात धुऊन मागे लागला होता. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, "ताई, अजून काही भरवलं नाहीस ना?" मी म्हणायचे, नाही रे बाबा, तुझा मान तुलाच. मी ऑफिसला जायला लागले तेव्हापासून लेक दिवसभर शेजारच्या इमारतीत सासूबाईंकडे असायची. त्यांनाही मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "अगं, मला का कळत नाही?" त्या म्हणाल्या. विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

नवरा गाडीने नेणार होता. शनिवारी सकाळी मी लेकीला नवं झबलं घालून दारात उभी, तर हा म्हणतो, "ऑफिसचा कॉल आलाय गं. तू हो पुढे." शनिवारी कसला कॉल, हे विचारायचं मला सुचलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण माझा भाबडेपणा अजून कोरा करकरीत होता.

धायरीहून मंडईजवळच्या माहेरी जायचं. मोबाइलवरून बोलावलेली कॅब दोनदा कबूल झाली आणि दोनदा पळाली. रिक्षावाल्याने मान वर न करताच विचारलं, "मंडईत? शनिवारी? बाळाला घेऊन?" आणि तिन्ही प्रश्नांचं उत्तर म्हणून रिक्षा चालू करून निघून गेला. शेवटी बसने स्वारगेट. एका मावशींनी जागा दिली आणि त्या बदल्यात टोपी, मोजे आणि दूध या विषयांवर माझी स्वारगेटपर्यंत तोंडी परीक्षा घेतली. पुढे मेट्रोने एकच स्टेशन. लेक दिव्यांकडे टक लावून बघत होती आणि मी घामेजलेली, खांदे भरून आलेले, तिच्या कानात सांगत होते, मामा खीर घेऊन बसलाय बरं का.

मामा खरोखरच बसला होता. खीर त्याने स्वतः केली होती, दोनदा गाळून. लेकीला मांडीवर घेतलं, आजोबांची सोन्याची अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. लेकीने मोठा आ केला. चाटलं, गिळलं, आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून ओढलं. सगळे हसले. आई तेवढी हसली नाही.

स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "पहिल्या घासाला बाळ तोंड वाकडं करतं, जिभेने बाहेर ढकलतं. ही सरावलेली आहे गं."

मी गॅलरीत जाऊन नवऱ्याला फोन लावला. "तिला कोणी भरवलंय?"

तो आधी नुसतं "कोणी?" म्हणाला. मग म्हणाला, "आईला राहवलं नाही. पंधरा दिवस झाले असतील. रोज थोडा वरणभात. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"म्हणून आज आला नाहीस?"

"मला तिथे उभं राहवलं नसतं."

मी मात्र तिथे उभी राहिलेलं त्याला चालत होतं. पंधरा दिवस मी संध्याकाळी लेकीला घेताना विचारायचे, आज काय काय केलं माझ्या बाईने, आणि दोघं मला सांगायची, खेळली, झोपली. भात लेकीला बाधला नाही. मला बाधला. इतका संताप मला त्या घरात कधी आला नव्हता. सोमवारी सासूबाईंच्या हातात लेक देण्याआधी तोंडावर विचारायचं, का फसवलंत मला? वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं.

तेवढ्यात भाऊ लेकीला खांद्यावर घेऊन बाहेर आला. तिच्या हनुवटीवर खीर, त्याच्या शर्टावर खीर.

"ताई, पहिलाच घास, आणि थुंकला पण नाही तिने. आहे की नाही माझ्या हाताला चव?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"आहे रे," मी म्हणाले. "पहिल्याच घासाला ओळखलं तिने तुला."

तो खूश होऊन आत गेला. मी कठड्याला धरून तशीच उभी राहिले. सोमवारी जाब आता कोणत्या तोंडाने विचारणार होते मी?