उंदरांची सोयरीक

तुम्ही चहा घ्या, मी माझी फजिती सांगतो. दुसऱ्या कोणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

मी शेळके, मूळचा उंद्रीचा. चिखलीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत अटेंडंट. ही झाली नोकरी. पण लोक मला ओळखतात ते सोयरीक जुळवणारा म्हणून! उंद्रीपासून देऊळगाव राजापर्यंत कोणतंही घर सांगा. देवक कोणतं, आजोळ कुठलं, आत्या कुठे दिली, सगळं तोंडपाठ. आजवर एक जोडी चुकीची लावली नाही. माणसांची, म्हणतोय मी.

आमच्या सोनाली मॅडम औषधांवर पीएचडी करतात. त्यांच्याकडे पांढऱ्या उंदरांची दोन घराणी. दिसायला दोन्ही सारखीच. वहीत प्रत्येकाचा नंबर, बापाचा नंबर, आईचा नंबर. अशी वही पाहून मला तर घरच्यासारखंच वाटायचं!

मॅडमना दोन महिने पुण्याला प्रशिक्षणाला जायचं होतं. निघताना म्हणाल्या, "काका, वहीत लिहिल्यात तशाच जोड्या लावा हं. तीन वर्षांचं काम आहे माझं."

"मॅडम, बिनघोर जा. जोड्या लावाचं मले सांगता?"

त्या गेल्या आणि मी वही उघडली. पहिली जोडी पाहिली. दोघांचा बाप एक, आई एक! दुसरी जोडी, तेच. तिसरी, तेच. मला दरदरून घाम फुटला. अहो, सख्खे भाऊ-बहीण! सगळ्याच्या सगळ्या जोड्या!

आता मी काय समजायचं? पोर घाईत होती, लिहिताना चुकली, दुसरं काय! फोन करून विचारता आलं असतं म्हणता? लेकीच्या वयाच्या बाईजवळ असला विषय फोनवर कसा काढायचा?

मग मीच मनावर घेतलं. या घराण्यातली मुलं, त्या घराण्यातल्या मुली. मागच्या सात पिढ्या तपासल्या, कुठे नातं निघालं नाही, आणि एकेक जोडी लावून दिली. फक्त दोन जोड्यांना हात लावला नाही, एकेका घराण्यातली एकेक. त्यांना आधीच पिल्लं झालेली होती. लागलेलं लग्न मोडायचं पाप मी कशाला घेऊ? ते दोन पिंजरे कोपऱ्यात सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून ठेवले.

मॅडम परत आल्या तेव्हा खोली पिल्लांनी भरली होती.

"काका, पिल्लं जरा जास्तच धष्टपुष्ट दिसतात!"

"हाव मॅडम, सोयरीकच तशी हाये."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, काका गंमत करतात.

मग त्यांनी पिल्लांच्या शेपटीचे बारीक तुकडे वंश तपासायला पाठवले. अहवाल आला. दोन्ही घराणी अर्धी-अर्धी मिसळलेली! मॅडम स्टुलावर बसल्या, डोळे भरले. म्हणाल्या, "ज्यांच्याकडून उंदीर आणले त्यांनीच भेसळ केली, काका. माझी तीन वर्षं गेली."

माझं डोकंच फिरलं. आमच्या पोरीला फसवतात?

"त्यायले सोडू नका, मॅडम! तक्रार ठोका! म्या साक्ष देतो ना!"

मॅडम कागद घेऊन बसल्या. दोन कडक वाक्यं तर मीच सांगितली. साक्षीदार म्हणून खाली सहीही ठोकली, चांगली झोकात. मग मॅडमनी सगळं मोठ्यानं वाचलं. शेवटी होतं, "आमच्याकडे सरमिसळ होणे शक्यच नाही, कारण येथे फक्त सख्ख्या भावा-बहिणींच्याच जोड्या लावल्या जातात."

"मॅडम, हे तेवढं खोडा."

"काऊन?" रागाच्या भरात मॅडमही आमच्यासारखं बोलल्या.

"ते तर म्या कवाचंच बंद केलं."

"बंद केलं म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. अगदी अभिमानानं, सात पिढ्यांसकट!

मॅडम म्हणाल्या, "काका, वीस-वीस पिढ्या भाऊ-बहिणीचीच जोडी लावतात, म्हणून तर घराण्यातले सगळे उंदीर एकसारखे होतात. ते एकसारखे असले तरच औषधाचा फरक कळतो!"

वीस पिढ्या! मी फरशीवरच बसलो. खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पोरीची मेहनत माझ्या शहाणपणानं मातीत घातली.

"एकही जुनी जोडी राहिली नाही का हो?"

मी उठलो आणि कोपऱ्यातले दोन्ही पिंजरे फिरवले. दोन्ही जोड्या पिल्लांसकट मजेत! तपासणी झाली, दोन्ही चोख निघाल्या. मॅडमचं काम काही महिने मागे पडलं, पण वाचलं. तक्रारीचा कागद मीच फाडला.

आता मॅडमनी भिंतीवर उंदरांच्या वंशावळीचा मोठा तक्ता लावलाय. दोन घराणी सरळ खाली येतात. जिथे गोंधळ सुरू होतो तिथे सुबक अक्षरात लिहिलंय, 'येथून पुढे शेळके घराणे'.

परवा बाहेरून एक बडे सर आले. तक्ता बारकाईनं वाचून मलाच विचारतात, "हे शेळके म्हणजे कोणी मोठे शास्त्रज्ञ का?"

"नाही सर," मी म्हणालो, "मूळपुरुष. म्याच तो."