काही नाई होत

देवमन इंगळेची गाडी आली की सेमाडोहचे दुकानदार घड्याळ लावून घेत. एकवीस वर्षं त्याने परतवाड्याहून घाट चढून एसटीची लाल गाडी धारणीला नेली आणि सुखरूप परत आणली. एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली साधी कोंबडीसुद्धा आली नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र गडी फार कंजूष. घरी बायकोने विचारलं, डेपोत सोबत्याने विचारलं, उत्तर ठरलेलं: “काही नाई.”

गेल्या भाद्रपदात घाटातल्या एका वळणावर डोंगराची ओली माती रस्त्यावर उतरली होती. गाडीची मागची चाकं त्या चिखलावरून सरकली आणि गाडी दरीकडे फिरली. आत अठ्ठावीस माणसं होती. त्यांचा एकच आकांत उठला. देवमन सगळं अंग टाकून स्टिअरिंग ओढत होता आणि ओरडत होता, “बसून राहा! काही नाई होत! काही नाई होत!” गाडी एका सागाच्या बुंध्याला जाऊन टेकली आणि थांबली. एका म्हाताऱ्याच्या कपाळाला खोक पडली, बाकी सगळे धडधाकट. लोकांनी देवमनचे हात हातात घेतले, पेपरात दोन ओळी आल्या, डेपोत पेढे वाटले गेले. देवमनने एक पेढा खिशात ठेवला आणि तो खायचं विसरला.

तिसऱ्या दिवशी तो गाडीवर चढला. किल्ली फिरवली आणि छातीत असं धडधडायला लागलं, की आता आपला खेळ संपला असंच त्याला वाटलं. हात थरथरत होते, सदरा घामाने चिंब. त्याला अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे तुमचं. ही भीती आहे, आणि भीती हाही आजारच असतो. लाजू नका.” गोळ्या लिहून दिल्या. शिवाय सांगितलं, रोज सकाळी चाला, चहा कमी करा, श्वास सावकाश सोडायला शिका, आणि त्या दिवसाबद्दल कोणाशी तरी बोला. बरं वाटेपर्यंत डेपोने त्याला शेडमधलं काम दिलं. दुसऱ्यांच्या गाड्यांच्या काचा पुसताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

समजूत घालणाऱ्यांना काय तोटा! मेव्हणा किसनराव मोर्शीहून मुद्दाम आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, “काही नाई होत जावाईबापू!” शेजारी तेच म्हणाले, सोबती तेच म्हणाले. आमच्या वऱ्हाडात हे तीन शब्द दोन अर्थांनी चालतात. पुढे काही वाईट घडणार नाही, हा एक. आणि तुला काहीएक होत नाहीये, उगाच नाटकं करू नको, हा दुसरा. म्हणणारा पहिल्या अर्थाने म्हणतो, ऐकणाऱ्याला दुसरा ऐकू येतो. माणसाचं तोंड गप्प करायला याहून मऊ हत्यार मला तरी ठाऊक नाही.

डॉक्टरांचं सांगणं त्याने मन लावून केलं. पहाटे संत्र्याच्या बगीच्यापर्यंत जाऊन यायचा. चहा अर्धा कप. संध्याकाळी बुद्धविहारात मागच्या भिंतीला टेकून बसायचा, चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. घरी भागीरथा, त्याची बायको, त्याच्यापुढे सुपात तुरीची डाळ ठेवायची. “एवढे खडे पाहून द्या जी,” म्हणायची. खडे वेचताना त्याच्या हातांची थरथर कमी व्हायची. पंधरा दिवसांनी त्याला शंका आली. एवढे खडे येतात कुठून? मग एकदा त्याने पाहिलं, भागीरथा आदल्या दिवशीचे खडे मुठीने परत डाळीत मिसळत होती. दुसऱ्या दिवशी तो तेच खडे पुन्हा वेचत बसला.

या सगळ्याने त्याला झोप लागायला लागली, भूक लागायला लागली. बोलायचं तेवढं राहिलं. भागीरथा जवळ बसून वाट पाहायची, आणि तो म्हणायचा, “काही नाई.”

माघात डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं. सोमवारची धारणीची फेरी त्याला मिळाली. देवमनने मनाशी ठरवलं होतं, घाटाच्या पायथ्याला हात थरथरले तर गाडी तिथेच उभी करायची, दुसरा ड्रायव्हर मागवायचा आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. उरलेली नोकरी काचा पुसण्यात काढायची. निघताना भागीरथाने डबा दिला आणि दारातच उभी राहिली.

कंडक्टर होती पौर्णिमा. त्या भाद्रपदातल्या गाडीतही तीच होती. परतवाडा सुटलं, शेतं मागे पडली आणि पायथा जवळ आला तसा देवमनच्या कानामागून घाम उतरायला लागला. तो गाडी बाजूला घेणार, एवढ्यात घंटी वाजली. एकच. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

“कोन उतरून राह्यलं?” त्याने विचारलं.

“कोनी नाई,” पौर्णिमा पुढे येऊन म्हणाली. “म्या तुमच्यासाठी वाजवली. आरशात पाह्यलं तुमाले.”

“मले काही नाई होत.”

“मले होते, भाऊ.” ती त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणाली. “त्या दिवसापासून इथं आलं की माह्या पोटात गोळा येते. पाच महिने झाले, कोनाले सांगतलं नाई. वळन सरेपर्यंत डोये मिटून उभी राह्यतो.”

देवमनने तिच्याकडे पाहिलं. पाच महिने अडकलेलं मग एकदम बाहेर आलं. “म्या त्या दिवशी खोटं बोललो, पौर्णिमा. काही नाई होत म्हनून ओरडत होतो. मले वाटलं होतं आपुन सारे गेलो. आजबी सपनात ते लोकं माह्यावर इस्वास ठेवून बसूनच राह्यतात.”

हे त्याने भागीरथालाही सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. “का झालं बापू? काही नाई होत ना?”

ठरलेलं उत्तर त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं. “भेव लागून राह्यलं, माय. इथंच वर माही गाडी सरकली होती. जराक श्वास घेतो, मंग हळू नेतो.”

गाडीत कोणीतरी मोबाईलवरचं गाणं बंद केलं. म्हातारी म्हणाली, “घे, बापू. मलेबी लागते इथं भेव. दमानं ने.”

त्याने चार मोजून श्वास घेतला, सहा मोजून सोडला, असं दहा वेळा. छातीतली धडधड हळूहळू खाली बसली. हात समोर धरून पाहिले, ते स्थिर होते. पौर्णिमा दोरी धरून उभी होती. त्याने आरशातून मान हलवली, तेव्हाच तिने दोन घंट्या दिल्या. वळणावरच्या सागाची साल अजून सोललेली होती. देवमनने तो साग नीट पाहिला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पुढे काढली. भीती गेली नव्हती, गाडीत बसून सोबत आली होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ओसरीवर सूप तयार होतं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना म्हणून भागीरथाने भीतभीतच विचारलं, “काही झालं का जी?”

देवमनने सूप उचलून बाजूला ठेवलं.

“हाव, झालं,” तो म्हणाला. “आता खडे नको मिसळू. बस इथं, सांगतो.”