डेव्हिडने विकलेली बंदूक

मंडळी, लीड्सहून लिहितोय. संध्याकाळी शिकारीहून परतलो, तरी डोकं अजून तापलेलंच आहे.

माझ्याच हॉस्पिटलातल्या डेव्हिडने दोन वर्षांपूर्वी मला त्याची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन विकली. पोलिसांचं सर्टिफिकेट काढलं, घरात लोखंडी कपाट बसवलं. दर वेळी वापरल्यावर तिच्या आतल्या पिस्टनवरची दारूची काजळी मी स्वतः पुसतो. आजवर शेतातली कबुतरंच मारली होती. आज तो पहिल्यांदाच मला त्याच्या मित्राच्या इस्टेटीवर फेझंट पक्षी मारायला घेऊन गेला.

यजमान सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टर, असली बंदूक इथे चालत नाही. दुनळी बंदूक मधोमध उघडून धरली की रिकामी दिसते. हिचं काय कळणार? कुणी गळ्यात मारली ही तुमच्या?"

मी डेव्हिडकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला.

"दुकानातून घेतली," मी म्हणालो.

मग बंदूक गाडीत ठेवून दिवसभर पक्षी उठवणाऱ्या हाकाऱ्यांबरोबर काठीने झुडपं बडवत फिरलो. परतताना गाडीत डेव्हिड हवामानावर बोलत होता.

मी त्याची लाज राखली. माझ्यासाठी त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही. सोमवारी आम्ही पुन्हा एकाच वॉर्डात आहोत. तुम्ही त्याला काय म्हणाला असता?